बागर वाढवायचाय

मी तापट माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तोंडावर फेकायला नको. बायको रोज फेकते तेवढं पुरे आहे. पण दोन हजार सात सालच्या त्या ऑक्टोबरात जे झालं, त्यात तापटपणा कमी आणि आंधळेपणा जास्त होता. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

आम्ही जर्मनीत, येना शहरात राहतो. लोबेडा भागातल्या उंच बिल्डिंगांपैकी एकीत, आठव्या मजल्यावर. मी भिंगांच्या एका कारखान्यात नोकरी करतो. बायको वीणा शाळेच्या लायब्ररीत आहे. मुलगी उर्जा तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. आणि घराचा चौथा मेंबर म्हणजे बागर.

बागर म्हणजे खोदयंत्र. लाइपझिगच्या बाजूला कोळशाच्या उघड्या खाणी आहेत, तिथे एक अवाढव्य यंत्र चालतं. पुढे बादल्या लावलेलं मोठं चाक फिरतं, माती उचलतं, पट्ट्यावरून मागे नेऊन टाकतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहा प्यायला विसरलो होतो. तेच यंत्र मी लेगोच्या ठोकळ्यांतून बांधलं होतं. हसू नका. पुण्याला माझा भाऊ हसतोच, "राजन अजून ठोकळ्यांशी खेळतोय" म्हणून सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतो. पण हे पोरांचे ठोकळे नव्हेत. यात दातांची चाकं, आस, साखळ्या, मोटारी, गिअरबॉक्स, सगळं असतं. साडेसहा हजारांच्या आसपास तुकडे, तीन वर्षं, एक मीटर ऐंशी लांबी. आणि मुख्य म्हणजे ह्याची पुस्तिका नाही. बाजारातला संच नव्हता तो, माझ्या डोक्यातला होता. कागदावर एक रेघ नव्हती. काढू काढू म्हणत राहिलं होतं.

सप्टेंबरात वीणाचे वडील आले. दीनानाथ, आम्ही अण्णा म्हणतो. सांगलीत बेचाळीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आदल्या वर्षी वीणाची आई गेली आणि जानेवारीत अण्णांनी दुकान आवरलं. तेव्हापासून माणूस नुसता बसून. फोनवर "बरं आहे, बरं आहे" एवढंच. वीणा फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडायची, मला कळायचं. म्हणून त्यांना बोलावलं. व्हिसा दोन महिन्यांचा होता, ऑक्टोबरअखेर संपणार. वीणाला तो आणखी महिनाभर वाढवून घ्यायचा होता. "एवढा एक महिना राहिले ना, की माणसात येतील रे. तिकडे चार भिंतींत एकटे काय करणार?" असं रोज म्हणायची. परदेशी लोकांच्या ऑफिसातली टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली होती, शुक्रवारी सकाळी दहाची. अण्णा मात्र 'बघू' म्हणत होते. तुमच्या घरात माझं काय काम, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

आणि ते लिहायला माझा हातभार होता. आल्या दिवशीच मी बजावलं होतं, "अण्णा, बागरला तेवढा हात लावू नका हं." झालं. पुढचे सात आठवडे हा गृहस्थ रोज सकाळी चहाचा कप संपवून बागरसमोर खुर्ची टाकून बसायचा. डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावून वाकून वाकून बघायचा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मला त्याचं हसू यायचं. एकदा म्हणाले, "राजनराव, मोठं चाक फिरताना मध्येच एक गचका देतं." मी म्हटलं, "माहितेय." आठ महिने मी तो गचका शोधत होतो, सापडत नव्हता. त्यात सासऱ्यांनी दाखवून द्यावा म्हणजे काय!

टर्मिनच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, लेगोवाल्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या क्लबात अकरा बाप्ये आहेत, सगळे चाळिशीपुढचे, सगळ्यांच्या बायका वैतागलेल्या. त्यांचा म्होरक्या उवं. त्याने सोमवारी कळवलं की मला एकाऐवजी दोन टेबलं मिळतील. मी हरखलो. जागा आहे तर बागरचा मागचा पट्टा आणखी हातभर लांब करायचा, असं ठरवलं. आणि नेमका मंगळवारी ऑफिसने म्युनिकला पिटाळलं, गुरुवारपर्यंत.

मंगळवारी सकाळी मी एका हाताने टोस्ट खात दुसऱ्याने लॅपटॉपवर मेल बघत होतो. समोर अण्णा. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "अण्णा, आल्यावर बागर वाढवायचाय."

"वाढवायचाय?" ते दचकले. "चांगला चालतोय की."

"चालतोय हो. पण शनिवारी प्रदर्शनात न्यायचाय ना. असा नेऊन कसं भागेल?"

"ते खरंच. दारातून कसा जायचा." जरा थांबून म्हणाले, "पूर्ण वाढवायचा?"

"पूर्ण. मागच्या टोकापर्यंत. एका दिवसात कसं व्हायचं देव जाणे."

अण्णांनी कप बाजूला सरकवला. मी मेल वाचत होतो.

"मी हात लावला तर चालेल?"

"लावा की," मी म्हणालो. मान वर न करता. ही मान त्या वेळी वर केली असती तर पुढचं काही झालं नसतं. उर्जा शेजारीच दूध पीत होती, तिने सगळं ऐकलं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला घरी आलो. बैठकीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि हातातली बॅग खाली ठेवायचंही सुचेना.

बागरचं टेबल रिकामं होतं.

म्हणजे रिकामं नव्हतं. त्यावर अण्णांचं पांढरं शुभ्र धोतर चौपदरी अंथरलं होतं आणि धोतरावर ओळीने वाट्या, क्वार्कचे, म्हणजे इथल्या चक्क्याचे, धुतलेले डबे, अंड्यांचे खोके, बर्फाचे ट्रे. त्यात माझा बागर होता. चाकं चाकांत, आस आसांत, पिना पिनांत. धुवून पुसून चकाचक. तीन वर्षं! एका आइस्क्रीमच्या डब्यात पुढचं मोठं चाक सुटं सुटं पडलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

अण्णा खुर्चीवरून उठले. भिंग कपाळावर सरकवलेलं, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. सात आठवड्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, ते हसत होते.

"या राजनराव. वाढवला. पूर्ण. दोन दिवस लागले, पण एक कण हरवला नाही."

"काय केलंत?"

"वाढवला की. तुम्ही म्हणालात तसा."

आता मला काय नारळ वाढवतात हे ठाऊक नाही? बांगडी फुटली तर वाढवली म्हणतात, ठाऊक नाही? पण साडेसहा हजार तुकड्यांचा नारळ कुणी वाढवतं का हो! माझ्या डोक्यात जे काय झालं ते मला सांगता येणार नाही.

"वाढवला काय, वाढवला! मोडलात तुम्ही! तीन वर्षं लावली मी, तीन वर्षं! मोडून ठेवलात!"

अण्णांचं हसू गेलं. पण त्यांना लागलं ते माझं ओरडणं नव्हतं, तो शब्द. हळूच म्हणाले, "अहो, तसं म्हणू नये. आमच्या दुकानात मोडलं, बंद पडलं, असले शब्द कुणी काढायचे नाहीत. गिऱ्हाइकाचं घड्याळ खोललं की वाढवलं म्हणायचं. संध्याकाळी फळ्या लावल्या की दुकान वाढवलं म्हणायचं. वडिलांपासूनची रीत आहे. मला वाटलं, तुम्ही पण..."

"मग ते दुकानात म्हणायचं!" मी ओरडलो. "बुडालं ना दुकान आता? मग माझ्या घरात कशाला मांडताय मोडतोड?"

बोललो. तोंडातून गेलं. स्वयंपाकघरातून वीणा बाहेर आली होती, हातात उलथनं तसंच. ती मला काहीच बोलली नाही, आणि तिचं काही न बोलणं मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

उर्जा कोपऱ्यात बर्फाचा ट्रे छातीशी धरून उभी होती. आधी जर्मनमधून भडाभडा सुरू झाली, "आबर पापा, दू हास्ट एस डोख..." मग थांबली. आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तूच म्हणालास. वाढवायचाय. पूर्ण. आजोबांनी दोनदा विचारलं तुला."

"चुकलं माझं, राजनराव," अण्णा म्हणाले. त्यांनी कपाळावरचं भिंग काढलं, त्याच्या पत्र्याच्या डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. मीही बोलावलं नाही. मी उवंला फोन करून सांगत होतो की माझी दोन्ही टेबलं दुसऱ्या कुणाला दे. त्याने विचारलं, "प्लान नाही तुझ्याकडे?" मी म्हटलं, नाही. तो बिचारा हळू आवाजात सांत्वन करू लागला, मयताच्या घरी फोन केल्यासारखा.

शुक्रवारी सकाळी सातला मी चहा टाकला आणि कप घेऊन त्या टेबलाशी गेलो. रडायला गेलो असं म्हटलं तरी चालेल. आइस्क्रीमच्या डब्याखाली उर्जाची चौकटीची वही होती. गणिताची असेल म्हणून बाजूला करायला उचलली.

गणिताची नव्हती. पहिल्या पानापासून बागर होता. पेन्सिलने काढलेला, समोरून, बाजूने, वरून. मग एकेक भाग, थर सुटतील त्या क्रमाने. प्रत्येक चाकाला नंबर, प्रत्येक आसाची लांबी चौकटी मोजून, शेजारी अण्णांच्या बारीक तिरक्या अक्षरात टिपणं. 'डावी बाजू, थर चौथा. काळं चाक, दात २४. आधी पिन काढावी, मग आस.' 'हा आस जरा वाकला आहे, बदलावा.' काही पानांवर रंग उर्जाने भरले होते. शहात्तर पानं. जे काम मी तीन वर्षं उद्यावर ढकललं, ते या माणसाने दोन दिवसांत, जिथे त्याला हातसुद्धा लावायची परवानगी नव्हती त्या यंत्रावर करून ठेवलं होतं.

एका पानावर दोनदा अधोरेखित होतं, 'चाक सतरावं उलटं बसलं आहे. गचका यानेच.'

मी सतरावं चाक शोधून हातात घेतलं. एका बाजूने सपाट, एका बाजूने किंचित खोल. उलटंच बसलं होतं, मीच बसवलं होतं. हातातला चहा धोतरावर सांडायचा राहिला.

शेवटच्या पानावर दुकानात देतात तशी पावती होती. रेघा मारून केलेली, अगदी ठसठशीत. 'मालक: राजनराव. नग: बागर एक. तुकडे: ६४८७. गहाळ: काही नाही. जोडून द्यायचा वायदा: शुक्रवार.'

म्हणजे हा माणूस आज दिवसभर बसून तो जोडून देणार होता. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये सुद्धा जोडत बसला असता. आणि मी त्याला बुडालेलं दुकान म्हणालो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"चहा झाला का, राजनराव?" मागून अण्णांचा आवाज आला. कोट, मफलर, टोपी, सगळं घालून तयार. "दहाची वेळ आहे ना आपली?"

"अण्णा, काल मी जे..."

"अहो, त्यात काय. यंत्र तुमचं, तळमळ होणारच." आणि हसले. ते कालचं हसू नव्हतं, गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं हसू होतं.

उर्जा दप्तर पाठीला लावून दारात आली. "आजोबा, आज फेरलेंगर्न ना? वाढवायचं ना?"

"हो बाळ," अण्णा म्हणाले. "आज वाढवायचं."

पोरगी त्यांच्या कमरेला मिठी मारून नाचली. वीणाचा रात्रभर रडून सुजलेला चेहरा जरासा सैल झाला, "बघा हं अण्णा, शब्द दिलात," म्हणाली. त्या दोघी काय ऐकत होत्या ते मला कळत होतं. पण माझं लक्ष अण्णांच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडे गेलं. पलंगावर चादर घडी करून ठेवलेली, आणि पलंगाशेजारी बॅग उभी. पट्टा आवळलेला, कुलूप लावलेलं. त्या घरात ते वाढवायचं कुठलं आहे हे फक्त मला कळलं होतं, कारण कालच ते मी शिकलो होतो.

ट्राममध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं. बाहेर बघत म्हणाले, "इथलं वाढवतो आता, राजनराव. बुधवारचं तिकीट आहेच. वीणीला आज सांगू नका, पोरगी रडेल."

"मग ऑफिसात कशाला जायचं?"

"वेळ दिलीय त्यांनी. न सांगता न जाणं बरं दिसत नाही. जाऊन सांगायचं, वाढवा म्हणून, आणि यायचं."

मला खूप बोलायचं होतं. माझ्या समोर एक म्हातारी कुत्रं घेऊन बसली होती, मी त्या कुत्र्याकडे बघत बसलो. सात स्टॉप गेले. एरवी तोंड कसं चालतं माझं!

ऑफिसात नंबर लागला. टेबलापलीकडे एक बाई, चष्मा गळ्यात लोंबणारा, समोर अण्णांचा पासपोर्ट आणि मी आठवड्यापूर्वी भरून दिलेले कागद. विम्याचा कागद तिने उलटून पाहिला. "आल्झो," ती मला म्हणाली, "सासऱ्यांचा व्हिसा महिनाभर वाढवायचाय. त्यांना एकदा विचारा, त्यांची इच्छा आहे ना?"

मी अण्णांना विचारलं, "बाई विचारतायत, काय करायचं?"

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "वाढवा म्हणावं," ते म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत होती. खरं भाषांतर काय ते मला माहीत होतं. आजवर मी या ऑफिसात खोटं एक अक्षर बोललो नाही, माणूस तापट असेन पण कागदाला सरळ आहे.

"फेरलेंगर्न, बिट्टं," मी म्हणालो. "म्हणतायत, वाढवा."

"गेनाऊ, बरोबर," बाई म्हणाली. अण्णांनी दाखवली तिथे सही केली, मराठीत, दीनानाथ म्हणून. कागद चिकटला, शिक्का बसला. दहा मिनिटांचं काम. अण्णांनी बाईला हात जोडले.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी पासपोर्ट उघडला. आयुष्यभराची सवय, काम झालं की तपासायचं. खिशातून डबी काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि पान जवळ धरलं.

"राजनराव, इथे तीस नोव्हेंबर का लिहिलंय?"

"तुम्ही म्हणालात वाढवा. मी वाढवलं." मी म्हणालो. "पूर्ण."

त्यांनी भिंग खाली घेतलं. असा अवाक झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बहुतेक गुरुवारी संध्याकाळी दारात मी तसाच दिसत असणार.

"अण्णा, कालचं बोलणं मला परत घेता येत नाही," मी म्हणालो. पायऱ्यांवरून लोक जात होते, जाऊ देत. "नालायकासारखं बोललो. वही पाहिली मी. सतरावं चाक पाहिलं. जायचं तर जा, तिकीट तुमच्याकडे आहे, मी अडवणारा कोण. पण पावती तुमच्या अक्षरात आहे. सहा हजार चारशे सत्त्याऐंशी तुकडे उघडे टाकून तुम्ही दुकान कसं वाढवताय, ते मला सांगा."

अण्णांचे डोळे भरून आले, मग एकदम रागाने लाल झाले.

"अहो, मोडलात की माझा बेत!" ते ओरडले. "सगळा मोडलात!"

आणि थबकले. बेचाळीस वर्षं आणि त्याआधी वडिलांच्या काळातही न काढलेला शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून त्यांनी हात तोंडावर धरला. खाली चौकात ट्रामची घंटा वाजली.

त्यांनी भिंग डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली, टोपी चढवली. मग अचानक त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच घाबरगुंडी उडाली.

"वीणी आज घरी आहे ना हो?"

"आहे. का?"

"अहो, का काय! ती माझं धोतर धुवायला काढेल. ओळीने लावलंय सगळं त्यावर. चला, चला लवकर," म्हणत त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघं ट्रामच्या मागे पळत सुटलो.